चलन एक, व्यवहारही एक

१ जानेवारी २००२ रोजी युरोपातील बारा देशांच्या नागरिकांच्या हाती युरोच्या नोटा व नाणी आली आणि सीमा पुसल्या गेल्याचा जयघोष झाला. परंतु खिशातील युरो निर्वेधपणे सीमा ओलांडत असताना बँकेतील युरो मात्र सीमेवर अडत होता. जर्मनीत राबणाऱ्या मुलाने पोर्तुगालमधील आईला थोडी रक्कम पाठविली, तर तिचा बराच भाग बँकेच्या शुल्कातच जाई.

बँका आपणहून हा अन्याय दूर करतील, ही अपेक्षा फोल ठरली; तेव्हा कायद्याला पुढे यावे लागले. देशांतर्गत व्यवहारास जे शुल्क, तेच सीमापार युरो-व्यवहारास, असा दंडक युरोपीय संघाने २००१ मध्ये घातला. कार्ड व एटीएमसाठी तो जुलै २००२ पासून, तर बँकेमार्फत ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे पाठविण्यासाठी जुलै २००३ पासून लागू झाला. जानेवारी २००८ मध्ये 'सेपा' या सामायिक व्यवस्थेचा प्रारंभ झाला आणि ऑगस्ट २०१४ पर्यंत युरो-क्षेत्रातील निरनिराळ्या राष्ट्रीय पद्धतींची जागा तिने घेतली.

ग्राहकाच्या पदरात काय पडले? स्पेनमध्ये घर असलेला डच निवृत्त गृहस्थ तेथील विजेचे बिल मायदेशातील खात्यातून भरू शकतो. पूर्वसंमतीने खात्यातून परस्पर वळती झालेली रक्कम आठ आठवड्यांच्या आत, कारण न देता, परत मागण्याचा हक्क त्याला आहे. ९ ऑक्टोबर २०२५ पासून तर युरो-क्षेत्रातील बँकांना दहा सेकंदांत पैसे पोहोचविण्याची सेवा द्यावीच लागते. तीही नेहमीच्या शुल्काहून अधिक न आकारता. पैसे पाठविण्यापूर्वी नाव व खातेक्रमांक यांचा मेळ तपासणेही बंधनकारक झाले आहे.

तरीही भिंत पूर्णपणे कोसळलेली नाही. खातेक्रमांकाच्या आरंभी दुसऱ्या देशाची अक्षरे दिसताच तो नाकारणाऱ्या कंपन्या आणि मालक आजही आढळतात. २०१२ च्या कायद्याने हा भेदभाव निषिद्ध ठरविला आहे. पण आपला हक्क ठाऊक नसलेला ग्राहक निमूटपणे दुसरे खाते उघडतो. कायदा कागदावर असून भागत नाही. त्याची अंमलबजावणी करणारी यंत्रणा आणि हक्काविषयी जागरूक नागरिक, दोन्ही लागतात.

नोटांवर पुलांची चित्रे छापल्याने देश जोडले जात नाहीत. परगावी राबणाऱ्याची कमाई घरच्यांच्या हाती अखंड पोहोचते, तेव्हाच एकात्मतेला अर्थ येतो.