मुलीची सायकल आठवीपर्यंत का थांबते?

आसगावसारख्या चौरास पट्ट्यातल्या गावात पाच-सहा वर्षांचा मुलगा बापाच्या सायकलला लोंबकळू लागला की घरादाराला कौतुक. तो दांड्याखालून पाय घालून कैची मारतो, धुऱ्यावरून बांधीत पडतो, चिखल पुसून पुन्हा चढतो. त्याच वयाची मुलगी धाकटे भावंड कडेवर घेऊन हे बघत असते. ‘हातपाय मोडले तर कोण करून घेईल तुला?’ हे तिला पडण्याच्या आधीच ऐकवलेले असते.

मैत्रिणींनो, या वयात सायकल काय शिकवते? तोल तर आहेच. पण ब्रेक किती आधी दाबायचा, समोरचा ट्रॅक्टर किती दूर आहे, आपण निघावे की थांबावे, हे अंदाज मूल स्वतःच्या अंगाने बांधते. शिकवण्याची रीतही सोपी आहे. पॅडल काढून टाकावेत, दोन्ही पाय टेकतील इतकी सीट खाली घ्यावी आणि पायांनी ढकलत जाऊ द्यावे. तोल आधी येतो, पॅडल नंतर. (मागे धरून पळणाऱ्या काकांची गरज उरत नाही, हा आणखी एक फायदा.) उतरलेली चेन बसवताना यंत्र कसे चालते ते कळते. आणि गाव कळते, कोणती गल्ली कुठे निघते ते. मुलगा आठ वर्षांचा होईतो सारे गाव त्याच्या पायाखालून गेलेले असते. मुलीला ठाऊक असते घर, शाळा आणि नळ.

शासनालाही मुलीची सायकल आठवते ती आठवीत. मानव विकास कार्यक्रमात मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. ते हवेतच. पण तोवर अंग चोरायचे तिचे शिक्षण पुरे झालेले असते. तेराव्या वर्षी सायकल म्हणजे शाळेत पोचण्याचे साधन. पाचव्या वर्षी ती खेळ असते, आणि मुलीच्या खेळावर पैसा घालायला कुणी तयार नाही. तमिळनाडूतल्या पुदुकोट्टईत १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला साक्षरता मोहिमेत हजारो बाया सायकल शिकल्या. लहानपणी कुणी शिकवले नव्हते, म्हणून मोठेपणी. आपल्या मुलींनाही तितकीच वाट बघायला लावायची?

राहिली ती पडदा फाटण्याची कुजबुज. योनिपटलावरून कौमार्य ठरत नाही. ‘दोन बोटांची चाचणी’ करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली बजावले आहे. अफवेपायी मुलीचे बालपण का गहाण ठेवायचे?

ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्चायचे असतात. दरवेळी शिलाई मशीनच का मागायचे? येत्या ग्रामसभेत चार छोट्या सायकली मागू, बारा आणि सोळा इंची, पंक्चरच्या खर्चासकट. पहिला नंबर मुलींचा, कारण घरून हाक त्यांनाच लवकर येते. किल्ली गटातल्या बायांनी आळीपाळीने सांभाळावी. अंगणवाडीताईवर आणखी एक बिनपगारी काम नको.