बॅकअप आहे म्हणता? मग तपासलात कधी?

आपल्या नाहूर-भांडुप-मुलुंड पट्ट्यातल्या छोट्या सॉफ्टवेअर ऑफिसात विचारा, "कोड कुठे ठेवता?" छाती फुगवून उत्तर येतं, "आपल्याच सर्व्हरवर, साहेब. रोज रात्री कॉपी निघते." ती कॉपी धड आहे का, हे कोण बघतं? मग सगळे पंख्याकडे बघतात.

मंडळी, कॉपी म्हणजे तपासणी नव्हे! केडीई हा जगातला मोठा मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्प. मार्च 2013 मध्ये त्यांच्या मुख्य गिट सर्व्हरची फाइल सिस्टिम बिघडली. मिरर सर्व्हरांनी इमानेइतबारे तो बिघाडच उतरवून घेतला. सुमारे 1,500 रिपॉझिटरी थोडक्यात वाचल्या, त्याही एका वेगळ्या सर्व्हरवर धड प्रत सापडली म्हणून. निव्वळ नशीब!

संगणकावरच्या सातबाऱ्यातल्या चुका शोधायला 2017 मध्ये आपण गावोगाव चावडीवाचन केलं. कोडचं चावडीवाचन तर एका आज्ञेत होतं: 'गिट एफएससीके'. गिटमध्ये प्रत्येक नोंदीचं नाव तिच्या मजकुरावरूनच काढलेलं असतं. ही आज्ञा ते पुन्हा काढून ताळा घेते. साठवलेलं एक अक्षर बिघडलं तरी बोंब मारते. फुकट आहे, तरी होत नाही. याला आळस म्हणतात.

खासगी ऑफिसं आपलं बघतील. पण जनतेच्या पैशातून सॉफ्टवेअर घेणाऱ्या प्रत्येक कार्यालयाने ठेक्यातच लिहावं: दर आठवड्याला तपासणी, दर महिन्याला कॉपीवरून सगळं पुन्हा उभं करून दाखवणं, निकाल लेखी. नाहीतर ठेकेदार जाईल, सर्व्हर बसेल, आणि खिडकीवरचा बाबू आपल्याला सांगेल, "सिस्टिम डाऊन आहे, उद्या या."