दोन खिडक्या, एक हिशेब

लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. तरी सराफा कोठे, कापड कोठे, मिरची कोठे, हे गिऱ्हाईक चुकत नाही. प्रत्येक बाजाराला आपली जागा आहे. पेढीवरील संगणकाच्या पडद्यावर मात्र टॅली, बँकेचे खाते आणि जीएसटीचे विवरण एकावर एक चढलेले असतात. एका खिडकीतील आकडा मनात धरून दुसरी उघडावी लागते आणि चूक तेथेच शिरते.

१९८५ च्या पहिल्या विंडोजमध्ये खिडक्या शेजारी-शेजारीच मांडल्या जात; एकमेकींवर चढण्याची मुभा त्यांना १९८७ मध्ये मिळाली. शेजारची मांडणी २००९ च्या विंडोज ७ ने पुन्हा सुलभ केली. विंडोजची कळ धरून डावा बाण दाबताच खिडकी डावा अर्धा पडदा व्यापते. उजव्या बाणाने उजवा. विंडोज १० पासून मधली कड ओढली, की एक रुंदावते, दुसरी आपोआप आक्रसते.

नांदेड असो वा लातूर, जीएसटीआर-२बी दरमहा १४ तारखेला तयार होते. ते एका बाजूस व खरेदीवही दुसऱ्या बाजूस ठेवून बिले जुळवावीत. पुरवठादाराने न दाखविलेले बिल तत्काळ नजरेस येते. आर्थिक वर्षातील इनपुट क्रेडिटची मुदत पुढील ३० नोव्हेंबरला, वा वार्षिक विवरण त्याआधी भरल्यास त्याच दिवशी संपते. मग तो कर पदरचा जातो. म्हणून दिवाळीच्या वहीपूजनापूर्वीच मागील वर्षाची ही जुळणी आटोपावी. पुरवठादाराकडे पाठपुरावा करण्यास अवधी उरतो.