स्वल्पविराम डावीकडे, पूर्णविराम उजवीकडे



आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात हल्ली प्रत्येकाला व्हिडिओ करायचा असतो. सहलीचा, नातवाच्या मुंजीचा, नाहीतर कुणाच्या पंच्याहत्तरीचा. संगणकावर जुळवणी करताना मात्र जवळजवळ सगळे क्लिप माऊसने ओढतात. माझं मत विचाराल तर क्लिप हलवण्याचं काम माऊसचं नाहीच, ते कीबोर्डचं आहे. आणि तरुणांपेक्षा आम्हा म्हाताऱ्यांनी ते आधी शिकायला हवं.

कारण साधं आहे. सत्तरीनंतर हात थोडा थरथरतो. टाइमलाइनवर क्लिप पकडून ओढायची आणि नेमक्या जागी सोडायची, तर बोट उचलताना ती हमखास इकडेतिकडे जाते. शेजारच्या क्लिपला चुंबकासारखी चिकटते ती वेगळीच. मग चिडचिड होते, आणि शेवटी 'राहू द्या आजोबा, मी करून देतो' हे ऐकावं लागतं.

कळ दाबताना हात थरथरला तरी क्लिप थरथरत नाही. डाविंची रिझॉल्व्हमध्ये (याची एक आवृत्ती फुकट मिळते) क्लिप निवडून स्वल्पविरामाची कळ दाबली की ती एक फ्रेम डावीकडे सरकते, पूर्णविरामाची दाबली की एक फ्रेम उजवीकडे. ॲपलच्या फायनल कट प्रोमध्येही याच दोन कळा. अडोबी प्रीमियरमध्ये, विंडोजवर, आल्ट धरून डावा-उजवा बाण. रिझॉल्व्हमध्ये शिफ्ट धरून तीच विरामचिन्हं दाबली की एकदम पाच फ्रेम. चुकलं तर कंट्रोल आणि झेड आहेच. फक्त कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजीवर आणा.

'एवढं पाठ कोण करणार?' असं आमचे एक स्नेही म्हणाले. अहो, आपल्या पिढीने पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी घोकली. तिथे या पाच-सहा कळा त्या काय! शिवाय त्या डोक्यापेक्षा बोटांच्या लक्षात राहतात. रोज दहा मिनिटं, आठवडाभर. बस.

सोय किती झाली आहे तेही पाहा. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्या काळी कच्च्या फिल्मच्या कडेची भोकंसुद्धा स्वतः पाडून घ्यावी लागत, आणि ते किचकट काम सरस्वतीबाई फाळके करत. पुढेही कित्येक दशकं फिल्म खरोखर कात्रीने कापून जोडत असत. एकदा कापलेलं 'कंट्रोल झेड' म्हणून परत येत नसे. त्यामुळे कापण्याआधी माणूस दहा वेळा विचार करी.

तो विचार आता कमी झाला आहे, आणि मला खरं बोलायचं आहे ते याबद्दल. आमच्या अप्पांचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं, जाण्यापूर्वी वर्षभर आधी मोबाइलवर केलेलं एक चित्रण आहे. नातेवाईकांना ते ठाऊक आहे. 'आईची कुठली आठवण येते?' असं विचारल्यावर अप्पा बराच वेळ गप्प बसतात आणि मग एकच वाक्य बोलतात. पुतण्याने हौसेने त्याचा सुंदर व्हिडिओ केला, पण ती शांतता उडवली. विचारलं तर म्हणाला, "काका, मध्ये नुसतीच शांतता होती, कंटाळवाणं वाटतं." त्याचा हेतू चांगलाच होता. पण अप्पांना ओळखणाऱ्याला विचारा, ते तसेच बोलत. ती शांतता म्हणजेच अप्पा होते.

मी मूळ चित्रण मागवून घेतलं. पुढच्या सगळ्या क्लिप निवडल्या आणि शिफ्ट-पूर्णविराम. मोबाइलचं चित्रण सेकंदाला तीस फ्रेमचं, म्हणजे एका सेकंदाला सहा वेळा कळ. चार सेकंदांना चोवीस वेळा. जी जागा झाली तिथे आधीच्या क्लिपचं टोक वाढवलं आणि अप्पा पुन्हा गप्प बसले. माऊसने हे मला जमलं नसतं. कुणाला सांगून करवून घेतलं असतं, तर त्याने पुन्हा 'जरा कमी करू या' म्हटलं असतं.

म्हणून हा आग्रह. घरातल्या आठवणींत काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ज्याला कळ दाबता येते तोच ठरवतो. तरुण मंडळी हौशीने करतात, त्यांचं कौतुकच आहे. पण कुठला विराम कंटाळवाणा आणि कुठला बोलका, हे त्या माणसाबरोबर आयुष्य काढलेल्यालाच कळतं. त्याने 'मला काय त्यातलं समजतं' म्हणून बाजूला बसू नये.

शाळेत विरामचिन्हं शिकवताना मी मुलांना सांगत असे, विरामाची जागा चुकली की अर्थ बदलतो. त्याच दोन चिन्हांच्या कळा आज या कामाला याव्यात, याची मला मोठी गंमत वाटते.

असो. करून बघा, आणि जमलं की कळवा.