आदिमानवाच्या हाती सोटा कोणी दिला?

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात ज्या घरात शाळकरी मूल आहे, त्या घरात आदिमानवाचे चित्र येऊन गेलेलेच असते. कमरेला कातडे, हाती सोटा, पाठीत वाकलेला केसाळ पुरुष. बाई मागे, शेकोटीपाशी. हे चित्र इतके सवयीचे झाले आहे की कोणी तरी पाहून काढले असावे, असे वाटते. पाहायला अर्थातच कोणी नव्हते.

मग हा वाकलेला माणूस आला कोठून? फ्रान्समध्ये १९०८ साली निअँडरथल मानवाचा एक सांगाडा सापडला. पुढच्याच वर्षी चित्रकार कुप्का याने एका साप्ताहिकासाठी त्याचे चित्र काढले: केसाळ, वानरासारखा, हाती सोटा. शास्त्रज्ञ बूल यांनीही तो गुडघ्यांत वाकून चालत असे, असेच मांडले. १९५७ मध्ये सांगाड्याची फेरतपासणी झाली, तेव्हा तो संधिवाताने पिडलेला निघाला. निरोगी निअँडरथल ताठ चालत असे! एका आजारी माणसाचे दुखणे साऱ्या जमातीच्या माथी मारले गेले होते.

आपल्याकडचा पुरावा काय सांगतो? शिरूर तालुक्यातील इनामगावी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील तीन हजार वर्षांपूर्वीचे लोक शेतकरी होते, सातू पिकवीत. मूल दगावले की दोन रांजण तोंडाला तोंड लावून त्यात ते ठेवीत आणि राहत्या घराच्या जमिनीखालीच पुरीत. ही माया सोट्याच्या चित्रात कोठे बसते? त्याहून जुनी मानली जाणारी कोकणातली कातळशिल्पे तर त्या माणसांनी स्वतःच कोरलेली. कशेळीचा प्रचंड हत्ती पाहावा. कोकणातून केव्हाच नाहीसा झालेला गेंडाही या सड्यांवर भेटतो. २०२२ साली ही शिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत आली.

हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. बदलापूर-कर्जतच्या डोंगरांत ठाकर आणि कातकरी वाड्या आहेत. तेथले मूल वर्गात बसलेले असताना काळासावळा, धनुष्यबाण घेतलेला 'रानटी' आदिमानव फळ्यावर टांगला, तर बाकीची मुले कोणाकडे वळून पाहतील? आपण सारेच त्या आदिमानवाचे वंशज. पण चित्र मात्र एकाच्याच वाट्याला येते.

म्हणून मुलाने पुस्तक उघडले की एवढेच विचारावे: बाळा, या चित्रातले सापडलेले किती आणि चित्रकाराच्या मनातले किती?