डब्यातली ताकद वहीत मोजा

बाजारात नवं खत आलं की आपण ते सगळ्या रानात एकदम टाकत नाही. चार ओळींना टाकतो, शेजारच्या चार ओळी तशाच सोडतो आणि काढणीला दोन्हीकडचा उतारा बघतो. दुकानदार काही म्हणो, निकाल रान देतं. मग पोरासाठी दोन-अडीच हजारांचा पावडरीचा डबा आणताना ही रीत कुठं जाते?

आज गावोगावी पोलीस भरतीची तयारी चालू आहे. मुलांना १६०० आणि १०० मीटर धावायचं, गोळा फेकायचा. कुणीतरी सांगतं, प्रोटीन घे, क्रिएटिन घे. महिन्याभरात पोरगा जोरात पळू लागतो आणि श्रेय डब्याला मिळतं. पण त्याच महिन्यात तो पहाटे उठू लागला, रोज धावू लागला, वेळेवर जेवू लागला, त्याचं काय? पाऊस आणि युरिया एकाच आठवड्यात पडले, तर पीक कशानं हिरवं झालं ते कसं सांगणार? नवखा मुलगा नुसत्या सरावानंही सुरुवातीला झपाट्यानं सुधारतो.

प्रोटीन म्हणाल तर ते घरातही आहे. १०० ग्रॅम शेंगदाण्यात सुमारे २५ ग्रॅम, एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम. ताटात पुरेसं असेल तर वरून ओतलेलं वाया जातं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शनात, शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळा, असंच सांगितलं आहे. क्रिएटिनचा वजन उचलण्यासारख्या थोड्या वेळाच्या जोरकामाला उपयोग होतो, हे खरं. पण पहिल्या आठवड्यात वाढलेलं किलोभर वजन बहुतेक पाण्याचं असतं. ते पाहून फुशारू नका.

तरीही घ्यायचंच असेल तर मोजून घ्या. आधी दोन-तीन महिने नुसता सराव करून जम बसवा. मग महिनाभर पावडरीशिवाय दर रविवारी त्याच मैदानावर, त्याच वेळी धावण्याची वेळ, गोळ्याचं अंतर आणि अनशापोटी वजन वहीत लिहा. त्यानंतर फक्त पावडर सुरू करा. जेवण, झोप, सराव तोच ठेवा. दोन महिन्यांनी पावडर बंद करून पुन्हा महिनाभर लिहा. घेताना आकडा पुढं सरकला आणि बंद केल्यावर ओसरला, तर गुण आला म्हणा. तिन्ही वेळा सुधारणा एकाच चालीनं होत राहिली, तर ती सरावाची कमाई आहे.

मात्र आठ दिवसांत चमत्कार दिसला, छाती धडधडू लागली, झोप उडाली, तर वही मिटा, डबा बंद करा आणि सरकारी दवाखाना गाठा. डब्यावर न छापलेलं औषध आत असू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यानं आणि अठराच्या आतल्या मुलानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एक विनंती. गावच्या मैदानावर १६०० मीटरचं अंतर टेपनं मोजून खुणा करा आणि व्यायामशाळेत एक खात्रीचा वजनकाटा ठेवा. खर्च फारसा नाही, पण पोरांच्या हाती स्वतःचा पुरावा येईल.

वहीनं हो म्हटलं तर डबा आणा. नाही म्हटलं तर त्याच पैशांत दूध, अंडी, शेंगदाणे आणि धावायचे चांगले बूट येतात.