बराकींचा इतिहास आणि आपले उत्तरदायित्व

बदलापूरला राहणारी, इतिहास विषय घेऊन पदवीचे शिक्षण घेणारी परिचयातील एक विद्यार्थिनी मध्यंतरी घरी आली होती. १४ ऑगस्टच्या विभाजन विभीषिका स्मृतिदिनानिमित्त महाविद्यालयासाठी लिहिलेले टिपण तिला मला दाखवायचे होते. आरंभीच तिने लिहिले होते, ‘तीन वर्षे मी रोज लोकलने अंबरनाथ, उल्हासनगर, विठ्ठलवाडी ही स्थानके ओलांडून कल्याणला जाते. “कॅम्प नंबर चार” हे शब्द शेकडो वेळा कानांवर पडले. हा कॅम्प कोणाचा, असे विचारावे हे मात्र कधी सुचले नाही.’

हे वाचून मी वरमलो. कारण याच परिसरात उभे आयुष्य काढूनही आपल्यापैकी कितीजणांनी तो प्रश्न विचारला आहे?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्करी छावणी उभारण्यात आली होती. १९४७ साली पंजाब आणि बंगाल विभागले गेले. सिंध मात्र संपूर्णपणे पाकिस्तानात गेला. तेथील हिंदूंना ‘आपला’ म्हणता येईल असा प्रांतच उरला नाही. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत शिखांवर हल्ले झाले, हिंदूंची घरे लुटली गेली आणि स्थलांतराचा ओघ वाढला. कोणी आगबोटीने मुंबईला उतरले, कोणी आगगाडीने राजस्थानमार्गे आले. सुमारे एक लाख माणसे या छावणीच्या बराकींत येऊन राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले.

एवढा इतिहास ग्रंथांत मिळतो. विद्यार्थिनी त्यापुढे गेली. कॅम्प चारमधील एका वृद्ध आजींना ती भेटली. आजी आठ वर्षांच्या असताना येथे आल्या. एकाच बराकीत गोणपाटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहत. रात्री पलीकडचे रडणे ऐकू येई. सकाळी मात्र त्याविषयी कोणी बोलत नसे. सिंधमध्ये घर लुटले गेले, हे त्यांनी सांगितले. आणि एका मुसलमान शेजाऱ्याने रात्री बैलगाडीतून स्थानकापर्यंत पोहोचवले, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले. मग त्या हसून म्हणाल्या, “मला पूर्ण कळलेलं पहिलं मराठी वाक्य कोणतं ठाऊक आहे? साप आणि सिंधी एकत्र दिसले, तर आधी सिंध्याला मारावं!”

येथे टिपणाचा सूर बदलतो. ‘हे वाक्य मी वर्गात ऐकले आहे आणि हसलेही आहे. फाळणी मी केली नाही, तिचा अपराध माझा नाही. पण या हसण्याचे काय?’

या मुलीच्या प्रश्नाला उत्तर देणे मला अवघड गेले, कारण शालेय वयात आम्हीही तेच वाक्य म्हणत असू. ज्यांनी घर, शेत, भाषेचा प्रांत गमावला, पण आपला धर्म सोडला नाही, त्यांना आम्ही ‘निर्वासित’ म्हणून हिणवले. भीक न मागता त्यांनी आगगाडीत गोळ्या-बिस्किटे विकली, पुढे कारखाने काढले. तर आम्ही त्यांच्या मालाची थट्टा केली. हिंदू समाजाच्या एकात्मतेवर व्याख्याने ऐकून घरी परतताना हीच थट्टा आमच्या ओठांवर असे. ही विसंगती आमची स्वतःची होती. तिचा दोष कोणा परकीयावर ढकलता येणार नाही.

वेदनादायी इतिहास शिकताना दोन पळवाटा सोप्या असतात. एक म्हणजे क्षणभर हळहळून पुस्तक मिटणे. दुसरी म्हणजे ज्यांचा त्या घटनेशी सुतराम संबंध नाही, अशा आजच्या माणसांवर राग काढणे. दोन्हींत स्वतःकडे पाहावे लागत नाही. पूर्वजांवरील अत्याचाराची स्मृती जपलीच पाहिजे, पण ती संपूर्ण जपली पाहिजे. लुटारूंचे नाव घेताना बैलगाडी जोडणाऱ्या शेजाऱ्याला गाळले, तर आजींची साक्षच आपण खोटी ठरवतो. अपराध ज्याचा त्याचा. उत्तरदायित्व मात्र वारसा घेणाऱ्या प्रत्येकाचे असते.

ते उत्तरदायित्व कृतीने व्यक्त व्हावे. फाळणी प्रत्यक्ष पाहिलेली पिढी आता नव्वदीकडे झुकली आहे. सिंधी भाषेला १० एप्रिल १९६७ रोजी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले, पण अनेक सिंधी घरांतील नातवंडांना आजीची लिपी वाचता येत नाही. कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या मराठी घरांनी आपल्या मुलांना एकदा तरी या बराकींच्या वस्तीत न्यावे, चेटीचंडला शेजाऱ्याच्या घरी जावे, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. आणि घरात ते वाक्य कोणी उच्चारले, तर त्याला तेथेच थांबवावे.

टिपणाला किती गुण मिळाले, हे मी तिला विचारले नाही. ती मात्र अजूनही रविवारी उल्हासनगरला उतरते. आजी सांगतात आणि ती लिहून घेते.